शेवटचा शब्द शेवटच्या रांगेला

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी काहीही लिहा’ असे पत्र आले. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. मी अकरावी-बारावीला ऐच्छिक नाट्य शिकवणाऱ्या सरांविषयी लिहितो. नाव घालायची गरज नाही. जुन्या हॉलमागच्या खोलीत कोण बसायचे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नाट्य घेतले म्हणजे दोन वर्षे चैन, हा समज सर पहिल्याच आठवड्यात मोडून काढत. अभिनय फार पुढे. आधी वाचन, आणि वाचनातही वाक्याचा शेवट. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नवशिक्याचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी उद्या येणार नाही’ यातला ‘नाही’ गिळला गेला की मागच्या रांगेतला माणूस पुढचा सगळा प्रवेश उलटा समजतो. म्हणून संहितेवर पेन्सिलीने श्वासाच्या रेघा मारायच्या. शेवटचा शब्द चढवायचा नाही, फक्त पडू द्यायचा नाही. हा फरक कळायलाच बराच काळ जाई. ओरडणाऱ्याला सर सरळ खाली बसवत.

नाट्यशास्त्राचे म्हणाल तर अभिनयाचे चार प्रकार, आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक, एवढे पाठ करून परीक्षेपुरते भागले असते. सरांनी मैदानावर फक्कीने नाट्यशास्त्रकार भरताचा मध्यम विकृष्ट मंडप, म्हणजे मधल्या मापाचे आयताकृती नाट्यगृह, आखायला लावला. 64 हात लांब, 32 हात रुंद. हात म्हणजे 24 अंगुळे, साधारण दीड फूट. म्हणजे 96 बाय 48 फूट. अर्धा भाग प्रेक्षकांचा, उरलेल्यात नटांचे रंगपीठ, त्यामागे रंगशीर्ष आणि सगळ्यात मागे नेपथ्यगृह, म्हणजे नटांची तयारीची खोली. काटकोन काढायला सुतळीचा 3-4-5 फुटांचा त्रिकोण. तो जरा हलला की चौथी बाजू जुळत नाही, आणि ती जुळली नव्हतीच. पुन्हा सुतळी, पुन्हा फक्की. मग एका मुलीला रंगपीठावर उभे करून साध्या आवाजात वाचायला लावले आणि बाकी वर्ग आधी शेवटच्या रेघेवर, नंतर रेघेच्या बराच पलीकडे नेला. रेघेवर शब्द कळत होते. पलीकडे नुसता आवाज, आणि चेहऱ्यावर काय चालले आहे ते तर दिसेचना. याहून मोठ्या मंडपात बोलणे अस्पष्ट होते आणि मुखावरचे भाव हरवतात, असे भरताने म्हटले आहे. ते फळ्यावर लिहून द्यावे लागले नाही.

नेपथ्याचे तास म्हणजे सुतारकाम. आठ बाय चार फुटांचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली कापडी भिंत: तीन इंची पट्ट्यांची चौकट, मध्ये एक आडवी पट्टी, कोपऱ्यांवर प्लायचे त्रिकोण. हे त्रिकोण बाहेरच्या कडेपासून इंचभर आत ठोकायचे, नाहीतर दुसरा फ्लॅट काटकोनात भिडत नाही आणि फटीतून उजेड येतो. वर मांजरपाट. तो ताणून ठोकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण खळ लावली की कापड आटते, आणि आधीच ताणलेले असेल तर चौकटीला पीळ पडतो. म्हणून मध्ये थोडे ढिले ठेवायचे.

दिव्यांचा हिशेब वहीत आधी, शिडीवर नंतर. समोरून एकच दिवा टाकला की चेहरा सपाट. म्हणून डावी-उजवीकडून 45 अंशांत दोन. 1000 वॅटचा हॅलोजन 230 व्होल्टला सव्वाचार अँपिअरहून थोडे जास्तच ओढतो. 15 अँपिअरच्या लाइनवर तीन चालतात, चौथ्याला फ्यूज जातो. जातो तोही उत्कर्षबिंदूला, कारण सगळे दिवे एकदम तेव्हाच लागतात!

त्या वर्गातला एक जण आज व्यावसायिक नाटकांच्या प्रकाशाचे दौरे करतो. एक जण निवेदिका आहे, तिचे वाक्य कधी पडत नाही. हे श्रेय सरांचेच, दुसऱ्या कुणाचे नाही.

आता हॉलमध्ये एलईडी आले, फ्यूजची भीती गेली. पण हॅलोजन मंदावताना तांबूस होत जातो. स्वस्तातला एलईडी शेवटच्या टप्प्यात झटका देऊन विझतो. संध्याकाळ उतरवायची कशी? गालाला चिकटवलेल्या माइकमुळे कुजबुजलेला ‘नाही’सुद्धा पोचतो, तेव्हा श्वासाच्या रेघा मारतो कोण! विषयच बंद केला, हे तर मला अजून पचलेले नाही.

पत्रात हॉलच्या नूतनीकरणाचे वाचले. वर्गणी पाठवतोच आहे. फक्त विंगा, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाच्या जागा, दोन्हीकडे निदान आठ फूट ठेवा, मागच्या पडद्याआडून पलीकडे जायला वाट सोडा, दिव्यांची लाइन पंख्यांपासून वेगळी घ्या. आणि पडद्याची दोरी प्रॉम्प्टरच्या, म्हणजे विसरलेले वाक्य आतून सांगणाऱ्याच्या, बाजूला आणा. ती पलीकडच्या विंगेत असल्यामुळे प्रॉम्प्टरला पडदा पाडण्यासाठी हातवारे करावे लागतात, आणि पहिल्या तीन रांगांना ते दिसतात.