शंभर डॉलर

"बाबा, पण हे तर हरले ना?"

रात्री लेकाला १९९०च्या फुटबॉल वर्ल्ड कपची जुनी क्लिप दाखवत होतो. फ्लॉरेन्स, क्वार्टर फायनल, युगोस्लाव्हिया-अर्जेंटिना. बरोबरीनंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिनाच्या मॅराडोनाची पेनल्टी युगोस्लाव्हियाचा गोलकीपर, झाग्रेबचा तोमिस्लाव्ह इव्कोविच अडवतो. मॅराडोनाची! निकाल माहीत असूनही मी सोफ्यावरून उठलोच.

मग आदल्या वर्षीचा किस्सा सांगितला. यूएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा. इव्कोविचचं स्पोर्टिंग विरुद्ध मॅराडोनाचं नापोली, तिथेही शूटआउट. मॅराडोना चेंडू ठेवायला आला तर हा पठ्ठ्या म्हणतो, शंभर डॉलरची पैज, तुझी अडवणार. अडवली! मॅराडोनाने पैसेही चुकते केले म्हणे.

दोन्ही वेळा अडवली. दोन्ही वेळा याचीच टीम हरली.

लेकाचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. गोलकीपरचं कामच चमत्कारिक. आपलं चोख करायचं आणि मग बाकीच्यांच्या पायांकडे बघत उभं राहायचं. पुढे हा कोच झाला, २०१२-१३ला झाग्रेबच्याच लोकोमोतिव्हा क्लबला क्रोएशियाच्या लीगमध्ये दुसरं आणलं. कोच म्हणजे तर नव्वद मिनिटं नुसतं बघणं. हातात ग्लोव्ह्जसुद्धा नाहीत.

झोपताना लेक म्हणतो, "त्या शंभर डॉलरचं काय केलं असेल त्याने?"

तुम्ही काय केलं असतं?