समुद्राच्या तळावरचे शेतकरी: सिको मान्सहोल्ट

युरोपच्या शेतीधोरणाचा विषय निघाला की नेदरलँड्सचे शेतकरी-राजकारणी सिको मान्सहोल्ट हे नाव येतंच. पण मला हा माणूस उमगला तो त्यांच्या जमिनीमुळे.

उत्तर हॉलंडमधला विरिंगरमेर १९३० पर्यंत पाण्याखाली होता. बंधारा घातला, पंपांनी पाणी उपसलं आणि सुमारे २०,००० हेक्टर जमीन उघडी पडली. ती कुणी कसायची हे सरकार पारखून ठरवायचं. जावातल्या चहामळ्यावर काम करून परतलेल्या मान्सहोल्टना तिथे १९३७ मध्ये शेत मिळालं. सरळ कालवे, मोठी चौकोनी शेतं, वाटण्या नाहीत, भाऊबंदकी नाही. आमच्या सातबाऱ्यावरची नावांची रांग पाहत वाढलेल्या मला याचा हेवा वाटतो.

युद्धकाळात ते जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होते. १७ एप्रिल १९४५ ला जर्मन सैन्याने बंधारा उडवला आणि सगळा विरिंगरमेर पुन्हा बुडाला. जिथे भगदाडं पडली तिथे पाण्याने इतके खोल डोह केले, की नवा बंधारा त्यांना वळसा घालून बांधावा लागला. तो वळसा आजही आहे. मुक्तीनंतर मान्सहोल्ट तिथले हंगामी महापौर झाले आणि जूनमध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, थेट देशाचे शेतीमंत्री. नुकत्याच उपासमारीतून बाहेर पडलेल्या देशाला पोटभर अन्न देणं, हे त्यांचं पहिलं काम होतं.

पुढे ते युरोपियन आयोगात, म्हणजे युरोपीय देशांच्या सामायिक कारभारी मंडळात, शेतीचं खातं सांभाळू लागले. तिथली १९६८ ची त्यांची योजना मात्र मला पटत नाही. १९८० पर्यंत ५० लाख लोकांनी शेती सोडावी, धान्याचं शेत ८० ते १२० हेक्टरांचं असावं! मला वाटतं, कोऱ्या जमिनीवर जे साधलं ते पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या गावांतही साधेल, असं त्यांनी धरलं. १९७१ मध्ये ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर हजारो शेतकरी उतरले, त्यात एकाचा जीव गेला.

पण १९७२ मध्ये याच माणसाने युरोपियन आयोगाच्या अध्यक्षांना पत्र लिहून सांगितलं, की नुसत्या आर्थिक वाढीमागे धावणं थांबवा, पर्यावरणाकडे बघा. सत्तेत असताना असं म्हणणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझ्या वडिलांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या ५० लाखांचं काय झालं?" योजना बरीचशी बारगळली. शेती सोडणारे मात्र थांबले नाहीत. एकेक घर करत लाखो लोक बाहेर पडले.