सात सीटर, भरलेला लोड आणि घाटातला तापलेला रेडिएटर

सपाट रस्त्याला गाडीने काहीच कुरकुर केली नव्हती, सात माणसं, कॅरिअरवर बॅगा, एसी फुल आणि तरी टेंपरेचरचा काटा मधोमध. घाट लागला, पुढे ट्रकची रांग, सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, आणि थोड्या वेळाने मागून आई म्हणाली, अरे एसीतून गार हवाच येत नाहीये. काटा अजून मधेच होता बरं का! बऱ्याच नवीन गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, थोडंफार तापमान वाढलं तरी हलत नाही आणि हलतो तेव्हा एकदम लालकडे पळतो. आमचाही तसाच पळाला.

दादा गाडी चालवत होता, त्याने लगेच एसी बंद केला, काचा खाली आणि हीटर फुल. पोरं ओरडायला लागली, पण हीटरच्या मागे एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. काटा जरा खाली आला, तेवढ्यात रुंद जागा मिळाली आणि गाडी बाजूला घेतली. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती म्हणून इंजिन बंद, बोनेटला हातही लावला नाही.

मागच्या गाडीतले एक काका पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन आले, म्हणे झाकण उघडून पाणी ओता. भला माणूस, पण दादाने हात जोडले, काका आत्ता नको. कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असेल तर ते साधारण १०७ डिग्रीला उकळतं, पण रेडिएटर कॅप जवळपास १ बार प्रेशर धरून ठेवते म्हणून आत १२५ च्या पुढेही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की प्रेशर गेलं, सगळं एका क्षणात उकळून तोंडावर, चेहरे भाजतात लोकांचे. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो, तो खर्च वेगळाच. त्यामुळे रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताला कोमट आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत बसून राहिलो, पाऊण तास तरी गेला असेल.

बोनेट उघडल्यावर दादाने आधी पंखा बघितला. आमच्या गाडीला बेल्टवर फिरणारा पंखा आहे, मधे व्हिस्कस क्लच, म्हणजे आतल्या घट्ट सिलिकॉन ऑइलच्या जोरावर पंखा फिरवणारी जोडणी (इलेक्ट्रिक पंखा असेल तर हात लांब ठेवा, तो इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो). बोटाने ढकलला तर भिरभिर फिरत राहिला. इंजिन गार झालं तरी त्याला थोडा अडथळा जाणवायला हवा, गरम असताना तर तो जडच लागायला हवा. क्लचच्या मधोमध तेलकट ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली, म्हणजे आतलं सिलिकॉन ऑइल गळून गेलेलं. आता सगळं जुळलं, हायवेला वाऱ्यानेच रेडिएटर गार होत होता, घाटात स्पीड नाही म्हणजे वारा नाही, लोड मात्र जास्त, आणि पंखा नुसता नावाला. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यालाही हवा नाही म्हणून आईला आधी कळलं.

कूलंटची टाकी भरून, हीटर लावून, थांबत थांबत माथा गाठला आणि पुढच्या गावात पंख्याचा क्लच बदलला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे चिखल आणि किडे यांचा थर बसला होता, तोही कमी प्रेशरच्या पाण्याने आतून बाहेर धुवून घेतला, जोरात मारलं तर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात. मोठी गाडी असेल तर ही मधली जागा लांब प्रवासाआधी बघाच, पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि खरी घाण मागे लपलेली असते. आणि नवीन क्लच बसवल्यावर सकाळी गाडी सुरू करताना थोडा वेळ पंख्याचा घों घों आवाज येतो, ऑइल पुन्हा आपल्या जागी गेलं की तो थांबतो, त्याला घाबरू नका.