किल्ल्यातली कमळबस्ती

पुण्याची आत्या बस स्टँडजवळच्या हॉटेलात उतरलीय. तिथून बेळगावचा किल्ला हाकेच्या अंतरावर, म्हणून आज तिला चालतच घेऊन गेलो. कमळबस्तीतून तासभर पाय निघेना. १२०४ सालचं, इथल्या रट्ट राजांच्या राजवटीतलं हे जैन मंदिर. मंडपात मान वर केली की छतातून दगडी कमळ खाली उतरलेलं दिसतं, पाकळीवर पाकळी. खांब तर असे घोटलेले, की आत्या त्यावरून हात फिरवतच राहिली. (किल्ल्यात लष्कराचा भाग आहे, फोटो जपून काढा.) मग रिक्षाने टिळकवाडीत, बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवर. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, १९२४ साली, आपल्या बेळगावात! आत्याला हे ठाऊकच नव्हतं. बेळगावकरांनो, पाहुणे आले की फक्त कुंदा देऊन पाठवू नका, कमळबस्ती दाखवाच.