कांद्याच्या टेम्पोतून सोलापूर

मामांचा कांदा विकायला यंदा मी पहिल्यांदाच सोबत गेलो. तुळजापूर तालुक्यातून सोलापूर म्हणजे तासाभराचा रस्ता. पण 62 पिशव्या घेऊन रात्री निघालो आणि हैदराबाद रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत सापडलो. बाजार समितीच्या आवारात शिरायला अडीच वाजले. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर हे धरूनच चला. अंगावर स्वेटर, हातात बॅटरी हवीच. पिशव्यांवर नाव-गाव घरीच घाला, अंधारात शेजारी दहा गाड्या खाली होत असताना आपला माल ओळखणं अवघड जातं.

रांगेत एमएच 13 आणि एमएच 25 च्या जोडीला केए 28 च्याही गाड्या होत्या. शेजारच्या टेम्पोत इंडीचे एक काका होते. इंडी तालुका कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यातला, पण त्यांच्या घरचा कांदा वडिलांपासून सोलापुरातच येतो. जवळ पडतं, गिऱ्हाईक मोठं, आणि आडत्याला (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाला) कानडी येतं, एवढी तीन कारणं त्यांनी सांगितली.

सकाळी लिलाव आमच्या ढिगापाशी आला. हमालानं पिशवी उसवून कांदा पसरला. खरेदीदारानं एक कांदा अंगठ्यानं दाबला, दुसऱ्याची पत्ती (वरची साल) चोळून पाहिली आणि बोली लागली. मिनिटभरात संपलंसुद्धा! तीन-चार महिन्यांची मेहनत त्या एका मिनिटात ठरते, हे पाहताना माझ्या पोटात गोळा आला. पुढचा ढीग काकांचा. "एष्ट आतरी?" म्हणजे किती झाला, त्यांनी विचारलं. आडत्यानं आकडा कानडीत सांगितला, लगेच मामांशी मराठीत बोलला आणि हैदराबादचा माल भरणाऱ्या व्यापाऱ्याशी हिंदीत. सीमावाद पेटला की आधी दोन्हीकडच्या एसट्या बंद पडतात आणि फटका बसतो तो याच माणसांना. सोलापूरचं पोट शेजारच्या तालुक्यांवर चालतं आणि त्या तालुक्यांचा पैसा सोलापुरातून फिरतो. दोन्ही सरकारांनी निदान बाजाराची वाट तरी कधी अडू देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

निवड घरीच करा. मामांनी मोठा माल, गोल्टी (लहान कांदा) आणि चिंगळी (अगदी बारीक कांदा) वेगळी भरली होती, म्हणून मोठ्या मालाच्या वक्कलाला (ढिगाला) बरा भाव मिळाला. हलका माल आणण्याआधी भाड्याचा हिशेब मांडा. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला याच बाजारात 512 किलो कांद्याचे सगळा खर्च वजा जाता दोन रुपये हाती आले होते. काट्यावरचं वजन स्वतः लिहून घ्या आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, तिथेच उभं राहून वाचा. हमाली, तोलाई, भाडं अशा कपाती त्यात दिसतील. आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, मात्र तुमच्या पट्टीत नको. फळं-भाजीपाल्याची आडत 2016 पासून खरेदीदारानं द्यायची आहे.

दुपारी शहराच्या पूर्व भागात गेलो. इथले पद्मशाली विणकर मूळचे तेलंगणातले, घरात अजून तेलुगू बोलतात. गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट पायाखाली जाणवतो. चादर घ्यायची तर इथेच बघा. उलटी करून पाहा, अस्सल जेकार्ड (मागावरच नक्षी विणलेल्या) चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी उमटलेली असते. इथल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे.

नुसता बाजार बघायला येणाऱ्यांनी पुण्याहून रेल्वेनं यावं, रात्री मुक्काम करून सकाळी लिलाव गाठावा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा खोली आधी ठरवा आणि लिलाव कोणत्या दिवशी बंद आहेत ते आडत्याला फोन करून विचारा.

परतीच्या टेम्पोत सरकी पेंडीची चार पोती, मामींसाठी दोन चादरी आणि शेंगा चटणी होती. काकांचा टेम्पोही रिकामा गेला नाही, त्यांनी गावातल्या दुकानासाठी टॉवेलचे गठ्ठे भरून नेले.