शेत त्यांचे, वाट सगळ्यांची

भारतातून आलेल्या पाहुण्यांना शनिवारी फिरायला नेले, की पहिले फाटक ओलांडताना एक प्रश्न हमखास येतो: दुसऱ्याच्या शेतातून असे खुशाल चालायचे, तर मालक हटकत नाही का? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सविस्तर सांगते.

आमची नेहमीची वाट इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातली. बोर्टन-ऑन-द-वॉटरहून दीडेक मैलावर लोअर स्लॉटर, आणि तिथून आय नावाच्या लहानशा नदीच्या कडेकडेने मैलभर गेले की अप्पर स्लॉटर. नावातील स्लॉटरचा कत्तलीशी संबंध नाही. चिखलाची जागा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आले आहे, आणि हिवाळ्यात तिथे बूट रुतू लागले की ते पटतेही. अंतर तासाभराचे असले, तरी आम्ही त्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवतो.

जमीन खाजगी असली, तरी तीवरून जाणाऱ्या वाटेने चालण्याचा हक्क सर्वांचा आहे. १९४९ च्या कायद्याने काउंटी परिषदांना अशा पाऊलवाटांची पाहणी करून त्यांचे अधिकृत नकाशे करायला लावले, त्यामुळे जमीन विकली गेली तरी वाटेचा हक्क तसाच राहतो. पेरणीसाठी नांगरताना वाट मोडली, तर साधारणपणे १४ दिवसांत ती पूर्ववत करून देणे आणि उभ्या पिकातून निदान एक मीटर रुंदी मोकळी ठेवणे शेतकऱ्यावर बंधनकारक असते. आमच्याजवळच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या आहेत. आपल्याकडील गावनकाशातही पायवाट तुटक रेषेनेच दाखवतात. पण त्या रेषेवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले मी लहानपणी पाहिले आहे, म्हणूनच इथल्या खांबावरचा पिवळा बाण दिसला की मला फार निर्धास्त वाटते.

मला सर्वांत आवडते ते इथले फाटक. अर्धगोल कठड्यात झुलणारी त्याची लाकडी झडप पुढे ढकलायची, कोपऱ्यात अंग चोरून उभे राहायचे, मग ती मागे लोटून पलीकडे निघायचे. माणूस एकेक करून पार होतो, मेंढ्या मात्र आतच राहतात. कडी नाही, कुलूप नाही, आणि उघडे राहून जाण्याची भीतीही नाही.

आम्हाला हटकले, ते एकदाच. मार्च महिना होता; डबे उघडण्यासाठी वाट सोडून आम्ही कुरणाच्या मध्यावर असलेल्या ओकच्या झाडाखाली बसलो होतो. शेतकरी आला, त्याने नमस्कार केला आणि शांतपणे सांगितले की मेंढ्या विण्याच्या बेतात आहेत, माणसे जवळ आली की बिचकतात, तेव्हा कृपया वाटेवरच राहा. त्याचे म्हणणे अगदी रास्त होते, कारण हक्क वाटेपुरता होता, झाडाच्या सावलीचा नव्हता. आम्ही डबे आवरले आणि पुढच्या फाटकाजवळ उभ्यानेच जेवलो.