एसीमागची कबुतरं : चार मिलिमीटरनं घात केला

मंडळी, हरलो. कबुतरांना घरटं करता येऊ नये म्हणून एसीच्या मागे तिरकी फळी ठोकली आणि मागच्या खेपेला "आता बघतोच कशी बसतात" असं लिहून मोकळा झालो होतो. एसीच्या आउटडोअरमागे (बाहेरच्या युनिटमागे), त्याच ४५ अंशांच्या फळीवर, त्यांनी दोन अंडी घातली!

फळी चोख होती हो. वर गुळगुळीत सनमायका, मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजलेला उतार. पहिले चार दिवस कबुतरं यायची, नखं कर्रर्र घासत छज्जाच्या कडेपर्यंत घसरायची आणि मी चहाचा कप घेऊन खिडकीत. लई समाधान. पाचव्या दिवशी एक काडी अडकली. कशाला? तर फळी ठोकलेल्या स्क्रूच्या डोक्याला. वॉशर धरून चार मिलिमीटर वर आलेलं, तेवढंच. त्यावर खराट्याचा हीर, त्यावर बाइंडिंग तार, मग एक केबल टाय, तोही माझाच. आम्ही दोन दिवस लग्नाला तासगावला गेलो, तेवढ्यात संसार थाटला. डोकं फळीत बुडणारा काउंटरसंक स्क्रू मागितला होता, पण सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानदारानं "हेच चालतंय की" म्हणून वॉशरवाले गळ्यात मारले. मीही ऐकलं, चूक माझीच.

शेजारच्या काकूंचं एकच, "अहो, उचलून टाका की, कशाला लाड?" टाकली नाहीत. दुसरं अंडं ३ मार्चला, पिल्लं २१ला, बरोबर अठरा दिवस. दिवसा दहा ते चार-पाच बाबा बसायचा, बाकी रात्रभर आई. पाळी बदलताना दोघांची घुटर्घूम चालायची. आज पिल्लं नऊ दिवसांची आहेत. अंगावर विरळ पिवळे केस, चोच तोंडापेक्षा मोठी. दिसायला भयाण, पण पाहत राहावंसं वाटतं. उडायला चार-पाच आठवडे, म्हणजे १८ ते २५ एप्रिलच्या सुमारास.

खरी गोची इथं आहे. ही पिल्लं उडायच्या आतच जोडी पुढची अंडी घालू शकते. म्हणजे मागचं रिकामं होऊन पुढचं सुरू व्हायच्या मधली फट गाठायची, आणि ती फट कधीकधी नसतेच. वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकतात, त्यामुळे घाई करायला कबुतरांना कारणही आहे. काकांशी बोलून झालंय. पुण्य या विषयावर वाद घालू नये.

एप्रिलमध्ये फळी ६० अंशांवर न्यायची, असं ठरवून कागदावर आकडे मांडले. मागची जागा वीतभर, साधारण २० सेंटीमीटर. ४५ला फळी भिंतीवर २० सेंटीमीटर चढते, ६०ला ३५. हे लिहितानाच डोक्यात आलं, की आउटडोअर हवा मागूनच ओढतो. सर्व्हिसवाला परवा "साहेब, मागनं कोंडू नका" म्हणाला होता ते यासाठी! सांगलीच्या उन्हात कॉम्प्रेसर घालवून कबुतरं हाकलायची नाहीत.

तर फळी रद्द. आता वर आणि दोन्ही बाजूंनी वेल्डमेशचा (जोडलेल्या तारांच्या जाळीचा) पिंजरा, एक इंची चौकट, एक बाजू केबल टायवर, सर्व्हिसला उघडता येईल अशी. खालचा पट्टाही विसरायचा नाही, कबूतर अरुंद वाटेल अशा फटीतूनही शिरतं. बंद करण्याआधी टॉर्च मारून आत बघायचं. विष्ठा काढताना आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, कोरडी झाडू नका.

पक्षी बसू नयेत म्हणून लावतात ते चिकट जेल कुणी सुचवू नका. त्यात बुलबुल, चिमण्या अडकतात. काट्यांच्या पट्ट्या घेतल्या होत्या, त्यातच काड्या छान अडकतात. कबुतरांना घाबरवायला आणलेलं प्लास्टिकचं घुबड आता शोकेसमध्ये आहे.

एक विजय मात्र झाला. बाथरूमच्या काचेत स्वतःशीच भांडणारा शिंजीर (फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी)! काचेला बाहेरून साबणाचं दाट पाणी फासलं, प्रतिबिंब गेलं, दुसऱ्या दिवशी टकटक बंद. आता तो पार्किंगमधल्या स्कूटरच्या आरशावर चढाई करतो, म्हणून आरशाला मोजा घातलाय.

वेल्डमेश दोन फूट रुंदीत सुटी कापून मिरजेत किंवा कुपवाडला कुणी देत असेल तर सांगा. इथं सगळे अख्खी गुंडाळी घ्या म्हणतात.